साकव

फाल्गुन सरत आला, की साखळीहून सत्तरीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक आंबूस-गोड वास येऊ लागतो. परगावच्या माणसाला तो कदाचित नकोसा वाटेल. आम्हा डिचोली-सत्तरीच्या लोकांना मात्र त्या वासावरूनच ऋतू कळतो. काजूच्या झाडांखाली पिवळ्या-तांबड्या बोंडूंचा सडा पडलेला असतो. बी काढून घेतलेली असते, ती सोमवारच्या बाजारात जाते. बोंडू तसेच मातीत राहतात. ज्यांच्या डोंगरात भट्टी आहे, किंवा ज्यांनी बोंडू भट्टीवाल्याला दिलेले आहेत, त्यांचे त्यातून चार पैसे होतात. बाकीच्यांचे बोंडू मुंग्यांच्या आणि गुरांच्या वाट्याला जातात.

आमच्या घरी दारूच्या धंद्यात पडायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. त्यामुळे लहानपणी आम्ही बिया वेचायचो आणि बोंडू पायानेच बाजूला सारायचो. बीपेक्षा बोंडू पाच-सहापट तरी जड असतो. म्हणजे झाडाने दिलेल्या फळाचा मोठा वाटा आम्ही टाकून देत होतो आणि लहान वाटा विकत होतो. याचे तेव्हा कुणालाच काही वाटत नसे. मला ते प्रथम जाणवले ते वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तेही डोंगरात नव्हे, तर पणजीच्या कार्यालयात, एका फायलीच्या निमित्ताने.

मी सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढली. त्यातली काही वर्षे अनुदानाच्या योजना पाहणाऱ्या एका विभागात गेली. २००६ सालच्या जूनमध्ये एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक माझ्याकडे आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. त्यांनी बोंडूचा रस टिकवला होता. बोंडूत जीवनसत्त्व ‘क’ संत्र्याच्या कितीतरी पट असते. पण रस घशाला धरतो आणि दिवसभरात आंबतो. घसा धरण्याचे कारण त्यातील टॅनिन. साबुदाण्याची पेज रसात मिसळली, की ते टॅनिन तिला धरून खाली बसते आणि वर स्वच्छ रस राहतो. तो गाळून, ठरावीक उष्णता देऊन बाटलीत भरायचा. पद्धत सर्वस्वी नवी नव्हती. केरळ कृषी विद्यापीठाच्या माडक्कत्तरा येथील केंद्रानेही या वाटेने बरेच काम केले आहे. आमच्या प्राध्यापकांनी आपल्याकडच्या बोंडूसाठी पेजेचे प्रमाण, उष्णता आणि वेळ यांचे गणित चार हंगाम खपून बसवले होते.

“साहेब, प्रयोगशाळेत मी एका वेळी एक लिटर करतो,” ते म्हणाले. “दिवसाला दोनशे लिटर करून पाहायचे आहे. एका लिटरात जे होते ते दोनशे लिटरांत होईलच, असे सांगता येत नाही. तेवढेच पाहायचे आहे.”

त्यांची मागणी अडीच लाख रुपयांच्या आतली होती. एक पोलादी दाबयंत्र, वाफेवर तापणारे एक मोठे भांडे, बाटल्यांना बूच लावण्याचे यंत्र आणि दोन हंगामांपुरता दोन माणसांचा पगार. मी एक बाटली ठेवून घेतली, चहा पाजला आणि फाईल काढली.

फायलीवरचा शेरा माझ्याच अक्षरातला आहे. अर्जदार हा नोंदणीकृत उद्योगघटक नाही. सबब उद्योगासाठीच्या योजनेत बसत नाही. मागणी यंत्रसामग्रीची व उत्पादनाची आहे. सबब संशोधनासाठीच्या योजनेतही बसत नाही. अर्ज परत करावा. शेरा नियमाला धरून होता. लेखापरीक्षकाने तो वाचला असता, तर मान डोलावली असती.

ते दुसऱ्या वर्षी पुन्हा आले. त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे काही रक्कम शिल्लक राहण्याचा रंग होता आणि वरिष्ठांचीही ना नव्हती. अट एकच होती: ३१ मार्चपूर्वी रक्कम खर्च करून विनियोगाचा दाखला द्यायचा. प्राध्यापकांनी उत्तर पाठवले, की बोंडूंचा मुख्य बहर मार्च-एप्रिलमध्ये येतो, यंत्र यायलाच महिना लागेल, तेव्हा खोटा दाखला देण्यापेक्षा रक्कम पुढल्या वर्षी घेणे बरे. पुढल्या वर्षी ती रक्कम नव्हती. सरकारचे वर्ष नेमके ज्या दिवशी संपते, त्या दिवशी काजूचा हंगाम ऐन भरात असतो, ही साधी गोष्ट त्या डोंगराखाली वाढलेल्या मलाही तोवर कधी सुचली नव्हती. प्राध्यापक त्यानंतर आले नाहीत. बाटली माझ्या कपाटात दोन वर्षे होती. रस वरून तरी स्वच्छ दिसत होता. बदली झाली तेव्हा शिपायाने कपाट रिकामे केले.

आमच्या भागात पूर्वी ओहोळांवर साकव घालीत. माडाचे किंवा सुपारीचे दोन-तीन सोट आडवे टाकायचे, बांबूचा कठडा बांधायचा, की पावसाळ्यापुरती सोय झाली. साकव कुणाच्याच मालकीचा नसे. अलीकडचा वाडा म्हणे पलीकडच्यांनी घालावा, पलीकडचा म्हणे अलीकडच्यांनी. ज्या वर्षी दोघेही वाट पाहत बसत, त्या वर्षी मुले शाळेला मुकत. प्रयोगशाळा आणि बाजार यांच्यामधल्या ओहोळाचेही असेच आहे. संशोधनाला पैसा मिळतो, कारण ते विद्येचे काम. चालू कारखान्याला बँक कर्ज देते, कारण तारण असते. मधल्या टप्प्याला, एका लिटराचे दोनशे लिटर करून पाहण्याला, तारणही नसते आणि त्यावर शोधनिबंधही निघत नाही. तिथे पैसा बुडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, आणि सरकारी कागदावर ‘बुडाले’ या शब्दाला जागा नसते.

ही अडचण काही आजची नाही, आणि आपल्या माणसांना ती कळली नव्हती असेही नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचे त्यास पाठबळ होते. त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. तो नुसता कारखाना नव्हता. काचेचे काम शिकवणारी ती शाळाही होती. परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांना तिथे भट्टी लावून आपली विद्या आजमावता आली. बुडाले तर प्रत्येकाचा एक पैसा बुडणार होता. धोका इतका वाटला गेला, की तो कुणालाच जड झाला नाही. साकव कसा घालावा, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

लाहोरच्या शांतिस्वरूप भटनागरांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. अटक भागात तेलविहिरी खणताना वापरला जाणारा चिखल खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच घट्ट होई आणि काम अडून राही. भटनागरांनी त्यात भारतीय डिंक घालून तो प्रश्न सोडवला. कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले. त्यांनी ते स्वतः न घेता विद्यापीठाला द्यायला लावले आणि त्यातून तिथे पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. हेच भटनागर पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले प्रमुख झाले. त्या परिषदेची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत पुण्यात उघडली, आणि प्रयोगशाळांतील शोध उद्योगांना देण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ १९५३ साली स्थापन झाले. म्हणजे वाडे दोन होते आणि मध्ये एक साकवही सरकारने घातला होता. तरी पुष्कळसे शोध अहवालांतच राहिले. भांड्याएवढा प्रयोग बाजाराएवढा करण्याचे काम महामंडळाच्या कागदांनी होत नाही. त्याला शेजारी उभा राहणारा उद्योजक लागतो.

अमेरिकेतही निराळे नव्हते. १९८० पूर्वी तिथल्या सरकारकडे सुमारे अठ्ठावीस हजार पेटंटे साठली होती आणि त्यांतली शेकडा पाचदेखील उद्योगांनी वापरायला घेतली नव्हती. त्या वर्षी बर्च बाय आणि रॉबर्ट डोल या दोन सिनेटरांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाने ठेवावी, तो उद्योगाला परवान्याने द्यावा आणि उत्पन्नातला वाटा संशोधकाला द्यावा, असे ठरले. त्यानंतर तिथल्या विद्यापीठांनी यासाठी स्वतंत्र कचेऱ्या उघडल्या. याचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्याची दुसरी बाजू आपल्याला घरातल्या हळदीच्या डब्याने दाखवली. १९९५ च्या मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आजीच्या हाताने गुडघ्यावर हळद लागलेल्या कुठल्याही मुलाला हसू यावे अशी गोष्ट. पण कायद्याला आजी चालत नाही, छापील पुरावा लागतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व निबंध धुंडाळून तो पुरावा उभा केला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवले. तेव्हा परिषदेच्या महासंचालकपदी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. माशेल हे त्यांचे जन्मगाव साखळीहून फार दूर नाही. मुंबई विद्यापीठाच्या ज्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात ते शिकले, तो १९३३ साली निघाला तोच उद्योगांशी नाते ठेवून. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक असताना त्यांनी तिथले ज्ञान परदेशी कंपन्यांना विकत घ्यायला लावले. एकाच माणसाने एका हाताने ज्ञान विकले आणि दुसऱ्या हाताने विकू नये ते राखले. मला ही दोन्ही कामे एकाच शहाणपणाची वाटतात.

अमेरिकेच्या त्या कायद्याच्या धर्तीवर आपल्याकडेही २००८ च्या डिसेंबरात एक विधेयक राज्यसभेत आले. विद्यापीठांचे दुकान होईल अशी भीती पुष्कळांनी बोलून दाखवली, आणि २०१४ साली ते मागे घेतले गेले. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. सगळेच शोध विकण्यासाठी नसतात. याचा दाखला आपल्या सीमेपलीकडे, वेंगुर्ल्याला आहे. तिथले फळ संशोधन केंद्र पुढे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. त्या केंद्राने काजूच्या जाती निवडल्या, संकर केले, ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशी नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. कोवळ्या फांदीवर कलम बांधण्याची रीत रोपवाटिकेतल्या माणसांना शिकवली गेली. १९९० च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कलमांना एकाएकी गिऱ्हाईक मिळाले. सिंधुदुर्गात गावोगाव रोपवाटिका झाल्या. पेडणे, डिचोलीचे बागायतदार दोडामार्गावरून टेंपो भरभरून कलमे आणू लागले. आमच्या डोंगरातली अर्धी झाडे तिथलीच. विद्यापीठाने प्रत्येक कलमामागे हक्काचा पैसा मागितला असता, तर ही झाडे कदाचित लागलीच नसती.

मग बोंडूच्या रसाचे निराळे का? या प्रश्नाशी मी बराच काळ घुटमळलो. उत्तर असे वाटते, की कलम बांधायला चाकू, पट्टी आणि सराईत हात पुरतो. तिथे साकव आखूडच होता, आणि पलीकडे लागवडीच्या अनुदानाने गिऱ्हाईकही उभे होते. रसाला भांडी लागतात, अन्नपदार्थाचा परवाना लागतो, बाटली फुटली तर जबाबदार कोण हे ठरवावे लागते, आणि बोंडू दिवसभरात नासत असल्यामुळे हे सगळे डोंगराच्या पायथ्याशी, तीन महिन्यांच्या हंगामात करावे लागते. उरलेले नऊ महिने यंत्र बसून. असा धोका घेणाऱ्याला काही काळाचा हक्क देणे भाग आहे. जिथे शोध आपल्या पायाने चालत जातो, तिथे तो मोकळा सोडावा. जिथे त्याला खांद्यावरून न्यावे लागते, तिथे वाहणाऱ्याची मजुरी ठरवावी. आमच्या फेणीचेच पाहा. तिला संशोधकाची वाट पाहावी लागली नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवाल्यांनी आपल्या पैशाने चुका करून ती विद्या घडवली. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्या चुकांच्या शेवटी.

आता काळ बदलला आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून नवउद्योगांना आसरा देणारे केंद्र आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली स्थापलेली संस्था नुसत्या कल्पनेला पन्नास लाखांपर्यंत अनुदान देते, तेही प्रयोग फसू शकतो हे गृहीत धरून. साखळीपासून हाकेच्या अंतरावर, पर्ये येथील गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये अटल इनोव्हेशन मिशनचे केंद्र आहे. तशी उबवणी केंद्रे वेर्णे आणि फातोर्ड्यालाही आहेत. आणि १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. आकडा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग जुन्या सवयीने अटी वाचल्या. तंत्रज्ञानाच्या सिद्धतेच्या नऊ पायऱ्या मानतात. ही योजना चौथ्या पायरीपासून पुढच्यांसाठी आहे, आणि पैसा मुख्यतः कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या किंवा भांडवलाच्या रूपाने मिळायचा आहे. मोठ्या नदीवर मोठा पूल हवाच. त्याबद्दल तक्रार नाही. पण वाड्यावरच्या ओहोळाला पूल नको, साकव हवा. अडीच लाखांचा, दोन हंगामांचा, आणि ज्याचे वर्ष मार्चला न संपता मृगाच्या पावसाला संपते असा.

गेल्या वर्षी चैत्रात मी त्या प्राध्यापकांचा पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. तेही आता निवृत्त. त्यांनी मला ओळखले. मनात घोळवलेले क्षमेचे वाक्य माझ्या तोंडून नीट निघेना, तेव्हा त्यांनीच ते हलके केले.

“साहेब, तुमचा शेरा चूक नव्हता,” ते म्हणाले. “नियमाप्रमाणे मी खरोखरच कुठे बसत नव्हतो.”

मी म्हणालो, “सर, शेरा चूक नव्हता हे खरे. पण त्याच फायलीवर मी आणखी एक ओळ लिहू शकलो असतो. नियम अपुरा आहे, सबब तो बदलण्याचा प्रस्ताव सादर करावा. तेवढा अधिकार मला होता.”

ते काही बोलले नाहीत. आत जाऊन चार वह्या घेऊन आले. तारीख, डोंगराचे नाव, बोंडूचा रंग, पेजेचे वजन, उष्णता, किती दिवसांनी बुडबुडे दिसले, सारे निळ्या शाईत. “यातले कुणाला उपयोगी पडले तर द्या,” ते म्हणाले. “माझे नाव घातले नाही तरी चालेल.” नाव घालायचे, असे मी त्यांना बजावून आलो.

त्या वह्यांच्या प्रती मी सत्तरीतील एका महिला गटाला दिल्या. माझी पुतणी त्यात आहे. या हंगामात त्यांनी स्वयंपाकघरातल्या पातेल्यांत साठ बाटल्या भरल्या. भांडी आणि बाटल्या यांचा खर्च आम्ही चार-पाच घरांनी वाटून घेतला. परत मिळाला तर ठीक, न मिळाला तर बोलायचे नाही, असे ठरवून. अठरा बाटल्या आठ दिवसांत फसफसून फुटल्या. पुतणी हिरमुसली होती. मी तिला वहीचे तिसऱ्या हंगामाचे पान काढून दिले. सरांच्याही तेव्हा तेवढ्याच प्रमाणात फुटल्या होत्या, आणि का फुटल्या ते खाली लिहिले होते. ते वाचून ती म्हणाली, “काका, मग पुढल्या वर्षी आधी बाटल्या उकळून घेऊ.”

उरलेल्या बेचाळीसांतली एक मी सरांना पोचवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, झाकण उघडले, घोट घेतला आणि म्हणाले, “पेज किंचित कमी पडली आहे.” मी ते पुतणीला कळवले आहे.